भिंगरीची जागा

९ ऑक्टोबर

नमस्कार,

सुरुवातीला काय लिहावं यावर बराच वेळ घालवला. 'प्रिय' म्हणावं एवढी आपली ओळख नाही, आणि 'महोदय' लिहिलं की नळाला पाणी येत नसल्याच्या तक्रारीसारखं दिसतं. म्हणून नुसता नमस्कार.

तुमची मुलगी ज्याच्या घरात वाढते आहे, तो मी. लिफ्टची दुरुस्ती करतो. भिंगरीची आई राहायची त्या इमारतीतली लिफ्ट सारखी बंद पडायची, त्यातून येणं-जाणं वाढलं. ती मला 'मिस्तरी' म्हणायची. लग्नानंतरही तेच, आणि मुलीनेही तेच उचललं. काका नाही, बाबा नाही, मिस्तरी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बाबांची जागा तुमची होती, मी तिच्यावर रुमाल टाकायला गेलो नाही.

भिंगरी म्हणजे तीच. तुम्ही ठेवलेलं नाव शाळेच्या हजेरीत आहे. घरात एका जागी बसत नाही म्हणून तिच्या आईने हे नाव पाडलं, आणि आता खऱ्या नावाने हाक मारली तर ती ओ सुद्धा देत नाही.

तिची आई गेल्याचं तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. सासूबाईंच्या मनात आहे, म्हणजे आपल्या दोघांच्याही सासूबाईंच्या. त्या माझ्याकडेच असतात. कंबरेचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालतात, ऐकायला कमी येतं, जिभेला मात्र काही झालेलं नाही. मी तुम्हाला पत्र लिहितोय म्हटल्यावर म्हणाल्या, "त्याला? एक वेळ दगडाला पाझर फुटेल."

राग मानू नका. मुद्द्यावर येतो.

आजारपणात, पायांत बळ होतं तोवर, भिंगरीची आई तिला तुमच्या शहरातली ती मोठी शाळा दाखवायला घेऊन गेली होती. वर्षातून एकदा कुणालाही आत सोडतात. प्रयोगशाळेत मोठ्या मुली मेंढीचा डोळा कापत होत्या. आतून काचेच्या मण्यासारखं भिंग निघालं, ते त्यांनी भिंगरीच्या तळहातावर ठेवलं. घरी आल्यावर जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच, झोपेतसुद्धा बहुतेक तेच. आई म्हणाली, तू त्याच शाळेत जायचंस. आई गेल्यावर आमच्या घरात पुष्कळ गोष्टी बोलायच्या बंद झाल्या, ही झाली नाही.

शाळा परीक्षा घेऊन मुलं निवडते, आणि ज्यांची आई किंवा वडील शहराच्या हद्दीत राहतात त्यांनाच बसू देते. मी उद्या बोचकं उचलून तिकडे आलो तरी उपयोग नाही, कारण कागदावर मी तिचा कोणीच नाही. शिवाय सासूबाईंना इथून हलवता येत नाही, आणि त्यांना ठेवून मला हलता येत नाही.

म्हणजे ती पास झाली तर तिला तुमच्याकडे राहावं लागेल. ठेवाल का? तिचा खर्च मी बघेन. अर्जावर तुमचा पत्ता आणि सही लागते, अर्ज सोबत आहे.

फोनवर अवघड गोष्टी बोलायला मला जमत नाही, म्हणून पत्र.

आपला,
मिस्तरी


२१ नोव्हेंबर

नमस्कार,

सही करून अर्ज पाठवलात, आभारी आहे. सोबतच्या चिठ्ठीत 'परीक्षा होऊ दे, मग पाहू' असं लिहिलंत. 'पाहू' हा शब्द आमच्या कंपनीतही फार चालतो. तिथे त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. तुमच्याकडे वेगळा असेल असं धरून चाललो आहे.

अभ्यास जोरात आहे. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्या शिकवतात. मी शाळेत गणितात कसाबसा काठावर तरलेला माणूस, पण संध्याकाळी ती गणितं मोठ्याने वाचते आणि मी ऐकतो. परवा एक गणित लिफ्टचं निघालं. इतक्या मजल्यांची इमारत, लिफ्ट इतक्या वेगाने वर जाते, मध्ये इतका वेळ थांबते, वगैरे. मी म्हटलं, "असं नसतं गं. दार उघडायला वेळ लागतो, लोक हात घालून दार अडवतात, कुणीतरी चुकीचं बटण दाबतं."

ती म्हणाली, "मिस्तरी, ही गणितातली लिफ्ट आहे, तुमची नाही. गणितातली बंद पडत नाही."

मग आम्ही दोघं हसलो. सासूबाईंना ऐकू आलं नाही, पण बाकीचे हसतायत म्हणून त्याही हसल्या.

मी तिला खरं सांगून टाकलं आहे. पास झालीस तर तिकडे, वडिलांकडे राहायचं. हे सांगायला मी फार दिवस टाळाटाळ केली. मला वाटलं होतं ती पाय आपटेल, नाही म्हणेल, मग मला समजूत काढावी लागेल. समजूत कशी काढायची तेही मी कामावर जाता-येता तोंडातल्या तोंडात घोकून ठेवलं होतं.

तिने विचारलं, "तिथे मला वेगळी खोली मिळेल?"

मी म्हटलं, विचारतो. म्हणून विचारतोय. मिळेल का? इथे ती आजीच्या खोलीत झोपते, आणि आजी घोरते.

नंतर विचारलं, "माझं टेबल नेता येईल?" ते टेबल मी जुन्या लिफ्टच्या लाकडी फळ्यांचं केलं आहे, जड आहे. नेता येईल म्हटलं.

आणखी काही विचारलं नाही. मी मधूनमधून भेटायला येईन का, तेही नाही. लहान आहे. लहान मुलांनी पुढेच बघावं, मागे बघायला आपण आहोत.

आपला,
मिस्तरी


१७ जानेवारी

नमस्कार,

परीक्षा झाली. तुम्ही येणार होतात असं कळलं होतं. आम्ही फाटकापाशी थोडं थांबलो, मग घंटा झाली.

सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, पोरीचं अंग गरम लागतंय, घरी ठेवा. ताप नव्हता. मी थर्मामीटर लावून बघितला, नव्हता. परत एकदा लावला. परत कशाला लावला ते मला विचारू नका.

बसमध्ये तिने माझ्या पँटवर उलटी केली. शेजारचे लोक उठून पुढे गेले. ती रडवेली होऊन म्हणाली, "आता काय हो?" मी म्हटलं, "आता काही नाही. जे बाहेर पडायचं ते पडलं, आता डोक्यात फक्त गणितं राहिली." तिने तोंड धुतलं, वेणी माझ्याकडून परत घालून घेतली आणि आत गेली. वेणी मला येते. तिच्या आईने दवाखान्याच्या पलंगावर बसून शिकवली होती.

बाहेर आईबापांची जत्रा होती. एक गृहस्थ मला विचारायला लागले, "तुमची मुलगी कुठल्या क्लासला जाते?" मी म्हटलं, चौथ्या मजल्यावर. त्यांना तो काहीतरी भारी क्लास वाटला, त्यांनी नाव लिहून घेतलं.

मग तुमच्या घरच्या आल्या. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर त्यांच्यावर रागावू नका, मी आपण होऊन लिहितोय. हातात पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा होता.

"तुम्ही तिचे..." त्या थांबल्या.

"मिस्तरी," मी म्हटलं.

"मी यांची बायको. हे निघाले होते खरं तर. बूटही घातले होते. मग बसूनच राहिले."

आम्ही भिंतीच्या सावलीला उभे राहिलो. माझ्या पँटचा वास येत असणार, पण त्या बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तिला दूध चालतं का? झोपताना दिवा लागतो का? कशाची भीती वाटते तिला?"

मी सांगितलं. दूध साय काढून. दिवा नको, पण दार अर्धं उघडं. भीती कशाचीच नाही, फक्त कुणी हळू आवाजात बोलायला लागलं की घाबरते. दवाखान्यात सगळे हळू बोलायचे. त्या सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. चांगल्या आहेत हो तुमच्या घरच्या. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

भिंगरी बाहेर आली आणि तुमच्या घरच्यांनी पुढे केलेला पुडा फोडून खायलाच लागली. म्हणाली, निबंध झकास झाला, शेवटची दोन गणितं राहिली.

आपला,
मिस्तरी


१४ मार्च

नमस्कार,

निकाल लागला. तिचं नाव पहिल्या यादीत नाही. वेटिंगच्या यादीत आहे, पण बरंच खाली. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, इतक्या खालून कुणी वर येत नाही.

तिला वाईट वाटलं. मी समजूत घातली. इथल्याच शाळेत नाव घालतो आहे. तुम्हाला तसदी दिली, माफ करा. तुमच्या घरच्यांना नमस्कार सांगा.

मिस्तरी


२ एप्रिल

नमस्कार,

तुमच्या घरच्यांचा फोन आला होता. भिंगरी कशी आहे विचारत होत्या. मी 'बरी आहे' म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून चैन नाही, कारण मागच्या पत्रात मी 'समजूत घातली' असं लिहिलं होतं. तसं काही मी केलं नाही.

निकाल कळल्यावर ती आजीच्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडत होती. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. मनात म्हणत होतो, बिचारी, किती अभ्यास केला होता. खरंच म्हणत होतो. आणि मागे बघतो तर ती दारात उभी.

"मिस्तरी, तुम्ही गाताय."

मला कळलंच नव्हतं. चांगलं मोठ्याने चाललं होतं म्हणे.

ती म्हणाली, "आई गेल्यापासून तुम्ही कधी गायला नाहीत."

मी हातातला बटाटा खाली ठेवला. ती म्हणाली, "मी नापास झाले, तुम्हाला बरं वाटलं ना?"

'नाही गं' म्हणायला काय लागतं? दोन शब्द. ते माझ्या तोंडातून आले नाहीत. ती वळून गेली.

तेव्हापासून ती जेवायला ताट घेऊन आजीच्या खोलीत बसते. विचारलं तर उत्तर देते. उद्धट बोलत नाही. भाडेकरू घरमालकाशी जसा बोलतो तशी बोलते.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला फाडून खाल्लं. "लोक सावत्रांना बोलतात ते काही उगीच नाही," म्हणाल्या. दोन-चार दिवसांनी चहा घेताना आपणच म्हणाल्या, "बरं मलाही वाटलं होतं. पण मी गायले नाही."

हे तुम्हाला का लिहितोय कळत नाही. इथे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

मिस्तरी


१९ जून

नमस्कार,

घाईत लिहितो आहे, गडबडलोही आहे, सांभाळून घ्या. फोनवर तुमच्या घरच्यांशी जुजबी बोललो, पण झालं कसं ते तुम्हालाही कळायला हवं.

तुमच्या शहरातल्या शाळेचा मला काल फोन आला. वर्ग सुरू झालेत, पण काही मुलं आली नाहीत, काही सोडून गेली, आणि यादी सरकत सरकत भिंगरीपर्यंत आली. फोन आला तेव्हा मी एका कार्यालयाच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो, खाली अंधार, वर दोर. बाई म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्या मुलाला जागा देऊ."

मी म्हटलं, उद्या सांगतो.

काम संपवून मी घरी चालत गेलो. बस समोरून गेली, धरली नाही. फोन माझ्या एकट्याच्या नंबरवर आला होता. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी आशा सोडली होती, भिंगरीने सोडली होती. मी काहीच बोललो नसतो तर कुणाला कधी कळलं नसतं. असा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चालत गेलो ते त्यासाठीच.

घरात शिरलो तर सासूबाई नाकाला पदर लावून बसलेल्या. "बघा, तुमच्या लाडकीने काय आणलंय." टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर मेंढीचा डोळा. खाटकाच्या दुकानातून एकटी जाऊन मागून आणला होता. हातात माझं दाढीचं ब्लेड. सगळीकडे काळं, चिकट पाणी. आणि बोटांच्या चिमटीत ते भिंग.

"मिस्तरी, इकडे या! हात नका लावू, नुसतं बघा!"

इतक्या महिन्यांनी तिने मला त्या आवाजात हाक मारली. भांडण, ताट, सगळं विसरून गेली होती. तिने भिंग वर्तमानपत्रातल्या एका अक्षरावर ठेवलं. अक्षर फुगून मोठं झालं. "बघा, मेंढी मेली तरी तिचा डोळा बघतोय," ती म्हणाली, आणि मान वर करून माझ्याकडे बघून हसली.

मी अजून पायातले बूटही काढले नव्हते. म्हटलं, "शाळेचा फोन आला होता. जागा आहे."

तिने ब्लेड खाली ठेवलं. "कधी आला?"

"दुपारी."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"उद्या सांगतो म्हटलं."

दुपार आणि संध्याकाळ यांच्या मध्ये काय होतं ते तिला कळलं असणार. हुशार आहे, उगीच नाही निवडली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"जागा आहे तर जावं," मी म्हटलं.

"तसं नाही. तुम्हाला काय वाटतं?"

सासूबाई खुर्चीतून ओरडल्या, "सांगा की! तोंडात मिठाची गुळणी धरलीत का?"

काय सांगणार होतो? एक शब्द बोललो असतो तर ती राहिली असती. आणि ती राहिली असती तर मी परत गायलो असतो, आणि तिने ते परत ऐकलं असतं.

मी म्हटलं, "आधी हात धू. वास येतोय."

ती उठली, हात धुतले, आणि पलंगाखालून बॅग ओढून काढली.

आज सकाळी मी शाळेला 'हो' कळवलं. तुमच्या घरच्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "आणा तिला." तुम्ही पलीकडून काही म्हणालात का, ते ऐकू आलं नाही. रविवारी घेऊन येतो. टेबल कंपनीच्या टेम्पोतून येईल, दारातून आत घेताना पाय काढून घ्यावे लागतील. स्क्रू खालून आहेत.

मिस्तरी


२० ऑगस्ट

वहिनी, नमस्कार.

या वेळी पाकिटावर तुमचं नाव घातलं आहे. आतापर्यंतची पत्रंही शेवटी तुम्हीच वाचत होतात, असं तुम्ही, मी तिला सोडायला आलो त्या दिवशी दारात म्हणालात. मग आता आडून कशाला लिहायचं?

भिंगरीला तुम्ही खिडकीकडची खोली दिलीत, दार अर्धं उघडं राहावं म्हणून खाली लाकडाची पाचर लावलीत, हे मी बघितलं. तुमचे साहेब हातात वर्तमानपत्र घेऊन उभे होते. त्यांनी तिला विचारलं, "प्रवास कसा झाला?" ती म्हणाली, "ठीक." दोघं अगदी सारखे उभे राहतात, डाव्या पायावर भार देऊन. मला हे आधी माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं.

मी निघालो तेव्हा ती टेबलाच्या खणात वस्तू लावत होती. "येतो गं," म्हटलं. "हो," म्हणाली. बस.

रविवारी फोन करतो तेव्हा आमच्याकडे फोन जेवणाच्या टेबलावर ठेवून आवाज मोठा करावा लागतो, नाहीतर सासूबाईंना ऐकू येत नाही. आम्ही दोघं त्या फोनभोवती शेकोटीला बसल्यासारखे बसतो. तिकडून 'हो', 'नाही', 'बरं चाललंय' एवढंच येतं. फोन झाला की सासूबाई म्हणतात, "पोरगी अजून धुमसतेय तुमच्यावर." मलाही तसंच वाटतं. त्या बटाट्यांचं तिने मनात धरलंय.

गेल्या महिन्यात मी भेटायला आलो होतो, तेव्हा तिने मला शाळा दाखवली. ग्रंथालय, मैदान, ती प्रयोगशाळा. जिन्यात तिची एक मैत्रीण भेटली. गोड मुलगी. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"मिस्तरी," भिंगरी म्हणाली.

"अच्छा. तुमच्याकडे काय काम करतात?"

भिंगरीने कठड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "लिफ्ट दुरुस्त करतात."

यात खोटं काय आहे, वहिनी? मी लिफ्टच दुरुस्त करतो. मी त्या मुलीला नमस्कार केला. पुढे व्हरांड्यात भिंगरी माझ्या पुढे चालत होती, भराभरा, आणि फाटकापर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही. मी घरी येऊन सासूबाईंना शाळेचं वर्णन केलं. मैत्रिणीचं सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो.

तिला दूध सोसतंय का?

मिस्तरी


२९ सप्टेंबर

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. परत परत वाचलं. लिहिताना तुम्हाला किती जड गेलं असेल ते अक्षरावरून दिसतं.

तुम्ही लिहिता, दर रविवारी माझा फोन झाला की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि रडते, आणि सोमवारी शाळेत जायला उठत नाही. मी भेटून गेलो त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. 'मिस्तरी आमच्याकडे काम करतात असं मी मैत्रिणीला म्हणू दिलं,' असं तुमच्या कुशीत तोंड घालून म्हणत राहिली. वर्गशिक्षिका म्हणतात, मुलगी मागे पडतेय, असंच चाललं तर वर्षाअखेरीस शाळा तिला ठेवणार नाही. आणि म्हणून तुम्ही हात जोडून विचारता, की वर्ष संपेपर्यंत मी फोन करू नये आणि येऊ नये. तिचं मन तिथे लागू द्यावं.

वहिनी, मला वाटत होतं ती रागावली आहे. इतके महिने मी तसंच धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर ते बरं होतं. रागावलेल्या मुलीपासून लांब राहता येतं.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनाही विचारलं. त्याही चष्मा पुसत 'बरोबर आहे' म्हणाल्या. मी फोन करणार नाही. येणार नाही. तिने विचारलं तर सांगा, कामात आहेत. त्याने तिला वाटेल मला तिची पर्वा नाही. वाटू दे. नाही, थांबा, तसं वाटू देऊ नका. पण मग काय सांगायचं ते मलाही सुचत नाही. तुम्ही तिच्याजवळ आहात, त्या वेळी जे सुचेल ते सांगा. तुमच्यावर सोपवतो.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. आज रविवार. फोनची वेळ झाली तशी त्या आपल्या वॉकर घेऊन टेबलाशी येऊन बसल्या. मी हे पत्र लिहायला घेतलं, म्हणजे हाताला काहीतरी काम.

आणि इथवर लिहिलं तेवढ्यात तिकडूनच फोन आला. तुमच्या घरचा नंबर. तिने स्वतःहून कधी केला नव्हता.

मी उचलला नाही. वाजून थांबला. परत वाजला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी उचलला, नेहमीसारखा टेबलावरच, मोठ्या आवाजात.

"आजी? मिस्तरी कुठे आहेत? त्यांनी आज फोन का नाही केला?"

सासूबाई माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मला वाटलं आता सगळं बोलून टाकणार. आयुष्यात त्यांनी कुणाचं मन राखायला कधी खोटं बोललेलं मी ऐकलेलं नाही. त्या म्हणाल्या, "बाहेर गेलेत गं. कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय म्हणे."

"लहान मूल आहे का?"

"हो. लहानच आहे."

"मग ते लवकर काढतील. त्यांना येतं." मग म्हणाली, "किती वेळ लागेल?"

सासूबाईंनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी खुणेने सांगितलं, वेळ लागेल म्हणा.

"वेळ लागेल, बाळा."

"बरं," ती म्हणाली. "मी थांबते. फोन ठेवू नकोस हं आजी."

सासूबाई उठून आत गेल्या. त्यांना आता इथे बसवत नाही.

फोन टेबलावर चालू आहे, वहिनी. तिकडे ती काही बोलत नाही. पेन्सिलीने काहीतरी लिहितेय, त्याचा आवाज येतोय. मधूनच नाक ओढते. मी पेन अलगद चालवतोय, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. रविवारी या वेळी तुम्ही बाजारात असता; परत आलात की तिच्या हातातून फोन काढून घ्या आणि ठेवून द्या. इथून मला तो ठेवता येणार नाही.

मिस्तरी